रेडिओहेडचे नऊ अल्बम आणि रसिकांचा वाद

कलावंताच्या अनेक कृतींपैकी श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न रसिकांनी फार जुन्या काळापासून विचारलेला आहे. ग्रंथांच्या बाबतीत त्याचा निवाडा पुष्कळदा टीकाकारांवर सोपविला जातो, चित्रांच्या बाबतीत संग्रहालयांवर. संगीताच्या बाबतीत मात्र श्रोत्यांनी हा अधिकार दुसऱ्याच्या हाती सहजासहजी दिलेला नाही. ऐकलेले गाणे ज्याच्या त्याच्या आठवणीत जाऊन बसते. त्याविषयी दुसऱ्याने निर्णय दिला, की तो आपल्याच आयुष्यातील काही वर्षांविषयी दिला आहे, असे श्रोत्यास वाटू लागते. म्हणूनच संगीतातील वाद इतके तीव्र असतात आणि इतके दीर्घकाळ टिकतात.

अशा वादाचे एक ठळक उदाहरण इंग्लंडमधील 'रेडिओहेड' ह्या रॉक संगीताच्या संचाने पुरविले आहे. ह्या संचाने १९९३ ते २०१६ ह्या तेवीस वर्षांत नऊ अल्बम प्रसिद्ध केले. अल्बम म्हणजे एका विशिष्ट क्रमाने ऐकावयाच्या दहाबारा गीतांचा संग्रह. ह्या नऊंपैकी सर्वांत चांगला कोणता, ह्याविषयी त्याच्या चाहत्यांत आजही एकमत नाही. वरवर पाहता हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटेल. परंतु ह्या वादाचा इतिहास पाहिला, तर त्याच्या मुळाशी एक अधिक गंभीर प्रश्न असल्याचे दिसून येते. ज्या श्रोत्यांनी कलावंतास मोठे केले, त्यांना आवडलेले तेच पुन्हा देत राहणे हे त्या कलावंताचे कर्तव्य आहे काय? आणि तो निराळ्या वाटेने गेला, तर श्रोत्याने त्याच्यामागे कोठवर जावे?

ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील शाळेत शिकणाऱ्या पाच मुलांनी १९८५ साली हा संच सुरू केला. थॉम यॉर्क हे गायक, जॉनी ग्रीनवुड व एड ओब्रायन हे गिटारवादक, जॉनी ह्यांचे वडील बंधू कॉलिन हे बेस गिटार वाजविणारे, आणि फिलिप सेल्वे हे तालवादक. शुक्रवारी सराव होत असे, म्हणून संचाचे पहिले नाव 'ऑन अ फ्रायडे' असे होते. १९९१ च्या अखेरीस 'ईएमआय' ह्या मोठ्या कंपनीशी सहा अल्बमांचा करार झाला, आणि नाव बदलून 'रेडिओहेड' असे ठेवण्यात आले. विशेष हे की, तेव्हापासून आजतागायत ह्या पाच जणांत एकही बदल झालेला नाही. त्यामुळे वाद्यवादक बदलला म्हणून संगीत बदलले, असे कारण येथे कोणास देता येत नाही. जे बदलले ते त्याच पाच माणसांनी जाणूनबुजून बदलले.

हा संच ज्या प्रकारात गणला जातो, त्यास 'आल्टरनेटिव्ह रॉक' असे म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात ब्रिटन व अमेरिका येथे मोठ्या कंपन्यांच्या ठरीव साच्याबाहेर एक रॉक संगीत वाढीस लागले. लहान कंपन्या, लहान सभागृहे आणि अमेरिकेतील विद्यापीठांची रेडिओ केंद्रे हे त्याचे आश्रयस्थान होते. पुढील दशकात तेच संगीत लोकप्रिय झाले आणि त्याचाही एक साचा तयार झाला. रूढ वाटेपासून वेगळे राहण्याचे वचन देऊन जे संगीत जन्मास आले, त्याने यश मिळाल्यावर काय करावे, हा पेच त्या काळातील अनेक संचांपुढे पडला होता. रेडिओहेडपुढे तो पहिल्याच गीताने आणून ठेवला.

ते गीत म्हणजे १९९२ साली प्रसिद्ध झालेले 'क्रीप'. इंग्लंडमध्ये प्रथम त्याचे स्वागत झाले नाही. बीबीसीच्या एका प्रमुख रेडिओ वाहिनीस ते फार उदास वाटले. पुढे इस्रायलमध्ये आणि नंतर अमेरिकेत ते गाजले. १९९३ साली इंग्लंडमध्ये ते पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा लोकप्रिय गीतांच्या यादीत त्याने सातवे स्थान मिळविले. हे गीत ज्या 'पाब्लो हनी' नावाच्या अल्बममध्ये आहे, तो सुमारे तीन आठवड्यांत ध्वनिमुद्रित झाला होता. आज चाहत्यांच्या बहुतेक याद्यांत तो अगदी तळाशी असतो. मात्र त्यातील ह्या एका गीताने संचास जगभर नेले आणि त्याच वेळी बांधूनही टाकले. कार्यक्रमास येणारा मोठा वर्ग तेवढेच गीत ऐकण्यास येई आणि ते झाले की उठून जाई, असे संचाने पाहिले.

'द बेंड्स' हा दुसरा अल्बम १९९५ साली आला. 'क्रीप'ने घातलेल्या ह्या बेडीस त्यात उत्तर होते. त्यातील 'माय आयर्न लंग' हे गीत त्या यशाविषयीच्या वैतागातून निर्माण झाले, असे सर्वत्र मानले जाते. रेडिओहेडचा खरा चाहतावर्ग येथून तयार झाला. तीन गिटारींची सरमिसळ, हळूहळू चढत जाणारी गीते आणि वरच्या सप्तकात सहज जाणारा यॉर्क ह्यांचा कंठ ह्यांवर त्या पिढीतील अनेक तरुण लुब्ध झाले. आजही असा एक वर्ग आहे, की ज्याच्या मते रेडिओहेडचे सर्वोत्कृष्ट गायन ह्याच अल्बममध्ये आहे. पुढे जे आले ते अधिक विद्वत्तापूर्ण असेल, परंतु अधिक हृद्य नाही, असे हा वर्ग म्हणतो.

१९९७ साली 'ओके कॉम्प्युटर' प्रसिद्ध झाला आणि काही काळ सर्व वाद थांबल्यासारखे वाटले. ह्या अल्बमचा बराच भाग बाथ शहराजवळच्या 'सेंट कॅथरिन्स कोर्ट' ह्या जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रित झाला. एका गीताचे गायन तेथील दगडी जिन्यात, तर दुसऱ्याचे मुद्रण पहाटे तीन वाजता नृत्यगृहात करण्यात आले. त्या जागांचा घुमारा मुद्रणात ऐकू येतो. नायजेल गॉडरिच हे तरुण तंत्रज्ञ ह्या वेळी प्रथमच संचाबरोबर संपूर्ण अल्बमचे निर्माते झाले. प्रवास, यंत्रे, कचेऱ्या, जाहिराती आणि ह्या साऱ्यांत एकटा पडलेला मनुष्य हे त्याचे विषय होते. त्यात एक संपूर्ण प्रकरण संगणकाच्या निर्विकार आवाजात वाचलेले आहे. पहिले प्रमुख गीत सहा मिनिटांहून अधिक लांबीचे होते. एड ओब्रायन ह्यांच्या सांगण्याप्रमाणे, ते ऐकून अमेरिकेतील कंपनीने विक्रीचा अंदाज वीस लाख प्रतींवरून पाच लाखांवर खाली आणला. कंपनीचा अंदाज चुकला. इंग्लंडमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, आणि १९९८ साली तेथील 'क्यू' मासिकाच्या वाचकांनी त्यास आजवरचा सर्वश्रेष्ठ अल्बम ठरविले. प्रसिद्ध होऊन वर्षही झालेले नसताना एखाद्या कृतीस असा मान मिळणे हे अपूर्व होते, आणि काहीसे धोक्याचेही.

धोका असा की, आता श्रोत्यांना आणखी एक 'ओके कॉम्प्युटर' हवा होता. त्याच धाटणीची उदात्त व खिन्न गीते गाणारे नवे संच इंग्लंडमध्ये जागोजागी उभे राहिले होते. यॉर्क मात्र दीर्घ दौऱ्याने थकून गेले होते. गिटारवर गीत रचण्यास बसावे, तर स्वतःचेच अनुकरण होत आहे असे त्यांना वाटे. ह्या काळात ते 'वॉर्प' ह्या ब्रिटिश कंपनीच्या कलावंतांचे, विशेषतः 'एफेक्स ट्विन' व 'ऑटेकर' ह्यांचे शब्दविरहित यंत्रसंगीत ऐकत होते. १९९९ च्या आरंभी पॅरिस येथे नव्या अल्बमचे काम सुरू झाले. ते पुढे कोपनहेगन, ग्लॉस्टरशर आणि ऑक्सफर्ड असे फिरत राहिले. ज्या गीतात गिटारच नाही, त्यात गिटारवादकाने काय करावे, असा प्रश्न संचातील इतरांपुढे उभा राहिला. रसिकांत पुढे जो वाद झाला, त्याची पहिली फेरी अशा रीतीने ध्वनिमुद्रणगृहातच होऊन गेली.

'किड ए' हा अल्बम २ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एकही गीत स्वतंत्रपणे विक्रीस काढण्यात आले नाही आणि प्रचलित पद्धतीचे चित्रगीतही काढले नाही. पहिले गीत विद्युत् वाद्याच्या काही स्वरसंघांवर उभे आहे, आणि त्यात गायकाचा आवाज तुकडे करून मागेपुढे फिरविलेला आहे. एका गीतात जॅझ पद्धतीच्या पितळी वाद्यांचा गोंगाट आहे. दुसऱ्या एका गीतासाठी डॉर्चेस्टर येथील मध्ययुगीन मठमंदिरात तंतुवाद्यवृंदाचे मुद्रण केले गेले. जॉनी ग्रीनवुड ह्यांनी त्यात 'ओंद मार्तनो' ह्या फ्रेंच वाद्याचा उपयोग केला. १९२८ साली लोकांसमोर आलेले हे वाद्य विद्युत् शक्तीवर चालते आणि मानवी कंठासारखी मींड काढते. 'इडिओटेक' ह्या गीताचा पाया तर अमेरिकन संगीतकार पॉल लॅन्स्की ह्यांनी १९७३ साली मोठ्या संगणकावर रचलेल्या कृतीतील चार स्वरसंघांचा आहे. सारांश, सत्तावीस वर्षांपूर्वीचे विद्यापीठीय संगीत आणि नृत्यगृहातील ताल ह्यांची येथे सांगड घातलेली होती.

श्रोत्यांचे दोन तट पडले. 'मेलडी मेकर' ह्या जुन्या ब्रिटिश साप्ताहिकाने पाचांपैकी दीड तारा देऊन अल्बमची संभावना केली. कादंबरीकार निक हॉर्नबी ह्यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिताना एक वेगळा आणि विचार करण्याजोगा मुद्दा मांडला. असे संगीत समजण्यास रात्रीमागून रात्री बसून ऐकण्याचा धीर लागतो, आणि नोकरीधंद्यास लागलेल्या मनुष्याजवळ तो धीर उरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उलट, अमेरिकेतील 'पिचफोर्क' ह्या तरुण नियतकालिकाने त्यास दहापैकी दहा गुण दिले. गंमत अशी की, एवढा दुर्बोध म्हणून गाजलेला हा अल्बम ब्रिटन व अमेरिका ह्या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत ते स्थान संचास पूर्वी कधीही मिळाले नव्हते. पहिल्याच आठवड्यात तेथे दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. प्रकाशनापूर्वीच 'नॅप्स्टर'च्या द्वारे त्याचे मुद्रण हजारो श्रोत्यांपर्यंत पोहोचले होते. विक्रीस त्यामुळे बाध आला असे दिसले नाही.

ह्या वादात कोणा एका पक्षास मूर्ख ठरविणे सोपे आहे, आणि पुढील काळात तसे पुष्कळदा केले गेले. परंतु विरोधकांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. त्यांचा एक आक्षेप असा की, यंत्रसंगीताचे हे प्रयोग 'वॉर्प'च्या कलावंतांनी आधीच आणि अधिक सफाईने केले होते. तेव्हा रॉक संगीताच्या श्रोत्यास जे नवे वाटले ते वस्तुतः नवे नव्हते. दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा होता. ज्या कंठाने एकाकी तरुणांना सोबत केली, तोच कंठ आता यंत्रात घालून ओळखू न येईल असा करण्यात आला होता. ज्या श्रोत्याने 'द बेंड्स'च्या आधारे आपले कठीण दिवस काढले, त्याला हा प्रयोग म्हणजे मित्राने ओळख न दाखविण्यासारखा वाटला. त्याचे दुःख खरे होते. त्यास अभिरुचीचा अभाव म्हणणे अन्यायाचे होय.

समर्थकांची बाजूही तितकीच सबळ होती. कंठ यंत्रात हरवलेला असल्यामुळेच एकाकीपणा शब्दांवाचून ऐकू येतो, असे ते म्हणत. पूर्वी ज्या भावनेचे वर्णन होते, तिचा आता अनुभव येतो. शिवाय, नव्याचा शोध लावणे हे एक काम आणि दूरच्या प्रांतातील नवे आपल्या श्रोत्यांपर्यंत आणणे हे दुसरे. दुसऱ्या कामाचे मोल कमी नाही. 'किड ए'मुळे असंख्य तरुण यंत्रसंगीताकडे, जॅझकडे आणि विसाव्या शतकातील युरोपीय संगीताकडे वळले, हे त्यांनी दाखवून दिले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो कलावंत यशाच्या शिखरावर असताना आपलीच नक्कल करण्याचे नाकारतो, त्याच्यावर विश्वास ठेवता येतो, अशी त्यांची भूमिका होती.

पुढे कालाने काय निर्णय दिला? अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' ह्या नियतकालिकाने पाचशे श्रेष्ठ अल्बमांची यादी तीनदा नव्याने केली, आणि तिच्यावरून ह्या वादाची नाडी पाहता येते. २००३ च्या यादीत 'द बेंड्स' ११० वा, 'ओके कॉम्प्युटर' १६२ वा आणि 'किड ए' ४२८ वा होता. २०१२ साली 'किड ए' ६७ व्या स्थानावर चढला. २०२० साली तो २० वा झाला, 'ओके कॉम्प्युटर' ४२ वा, आणि 'द बेंड्स' २७६ व्या स्थानावर उतरला. सतरा वर्षांत क्रम पूर्णपणे उलटला. तिन्ही अल्बमांतील एकही स्वर मधल्या काळात बदललेला नव्हता. बदलले ते मत देणारे. २००० साली जे विशीच्या आतबाहेर होते, ते २०२० साली समीक्षक, संपादक आणि संगीतकार झाले होते. तेव्हा अशा याद्यांस अंतिम निकाल मानण्यापेक्षा त्या त्या वर्षीची मतगणना मानावे, हेच बरे. आज वर असलेला उद्या खाली येणारच नाही, असे कोणी म्हणावे?

'किड ए'च्याच काळात तयार झालेली उरलेली गीते २००१ साली 'ॲम्नीझिॲक' ह्या नावाने आली. त्यावर चाहत्यांत निराळाच वाद सुरू झाला. हा स्वतंत्र अल्बम आहे, की आधीच्या पंक्तीतील उरलेले ताट? काहींनी दोन्ही अल्बमांतील निवडक गीते एकत्र करून आपल्यापुरता एक आदर्श अल्बम रचला. दुसऱ्यांनी आग्रह धरला की, 'ॲम्नीझिॲक'मधील 'पिरॅमिड साँग'सारखे गीत कोणाच्याही उरल्यासुरल्यात जमा होणारे नाही. त्यातील शेवटच्या गीतात हम्फ्री लिटलटन ह्या वयोवृद्ध जॅझवादकांनी आपल्या साथीदारांसह तुतारी वाजविली आहे, आणि त्या एका गीतासाठी हा अल्बम श्रेष्ठ मानणारेही आहेत. २०२१ साली संचानेच दोन्ही अल्बम 'किड ए म्नीझिया' ह्या नावाने एकत्र प्रसिद्ध केले, तरी हा वाद मिटला नाही.

२००३ च्या 'हेल टू द थीफ'विषयी तर खुद्द कर्तेच साशंक होते. त्यात चौदा गीते आहेत, आणि ती कमी असावयास हवी होती, असे चाहत्यांतील मोठ्या वर्गाचे मत. पुढे यॉर्क ह्यांनीही काही गीते वगळून व क्रम बदलून स्वतःची एक यादी जाहीर केली. मौज अशी की, ती यादी वाचून अनेक चाहत्यांनी कर्त्याशीच वाद घातला आणि वगळलेल्या गीतांचा कैवार घेतला. कृती एकदा लोकांच्या हाती गेली, की तिच्यावर निर्मात्याचाही शब्द अखेरचा राहत नाही, हे ह्यावरून चांगले दिसते.

ह्या अल्बमबरोबर 'ईएमआय'शी असलेला करार पुरा झाला. १० ऑक्टोबर २००७ रोजी संचाने 'इन रेनबोज' हा अल्बम आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावरून श्रोत्यांपुढे ठेवला आणि किंमत त्यांनीच ठरवावी असे सांगितले. ज्यास काहीच द्यावयाचे नसेल, त्याला तो फुकटही घेता येत होता. आजवर चाहते अल्बमचे मोल शब्दांत करीत; आता प्रत्येकास ते आकड्यांत करावयाचे होते, आणि तेही ऐकण्यापूर्वी. काही आठवड्यांनी तोच अल्बम दुकानांत विक्रीस आला, तेव्हाही तो ब्रिटन व अमेरिका येथे पहिल्या क्रमांकावर गेला. संगीताच्या दृष्टीने ह्या दहा गीतांनी दोन्ही तटांत बराच समेट घडवून आणला. यंत्रताल राहिला, गिटारी परतल्या, आणि कंठ पुन्हा उघडा ऐकू येऊ लागला. ज्यांस 'ओके कॉम्प्युटर' व 'किड ए' ह्यांतून निवड करावयाची नसते, ते आज बहुधा ह्याच अल्बमचे नाव घेतात.

समेट फार काळ टिकला नाही. २०११ साली आलेल्या 'द किंग ऑफ लिम्ब्स'मध्ये केवळ आठ गीते आणि सुमारे सदतीस मिनिटांचे संगीत होते. लहान लहान तुकड्यांच्या आवर्तनांतून रचलेले हे संगीत अनेकांस कोरडे वाटले. शेवटच्या गीतातील शब्दांत पुढील भागाची सूचना आहे, असा अर्थ लावून काही चाहते दुसऱ्या भागाची वाट पाहत राहिले. तो भाग कधीच आला नाही. त्यांच्या भाबडेपणास हसणे सोपे असले, तरी त्यामागील निष्ठा ध्यानात घ्यावयास हवी. आपल्या आवडत्या संचाने एवढेच दिले, हे त्यांना मान्य करवत नव्हते. त्याच वर्षी संचाने हीच गीते दोन तालवादकांसह प्रत्यक्ष वाजवून चित्रित केली, तेव्हा तीच रचना अनेकांस जिवंत वाटली. अल्बम वाईट होता, की त्याचे मुद्रण निर्जीव होते, हा नवा वाद त्यातून निघाला.

ह्या साऱ्या वादांचे सार एका गीताच्या इतिहासात सापडते. 'ट्रू लव्ह वेट्स' हे गीत यॉर्क ह्यांनी १९९५ साली ब्रुसेल्स येथे प्रथम गायिले. सोबत साधी गिटार होती. चाहत्यांनी ते मुद्रण एकमेकांस दिले, जपले आणि पाठ केले. प्रत्येक नव्या अल्बमच्या वेळी ते त्यात येईल अशी आशा केली. संचाने त्यावर अनेकदा प्रयत्न केले आणि दर वेळी ते बाजूस ठेवले. २००१ साली कार्यक्रमातील एक मुद्रण तेवढे प्रसिद्ध झाले. अखेर २०१६ साली 'अ मून शेप्ड पूल' ह्या नवव्या अल्बमच्या शेवटी ते आले. मधल्या काळात एकवीस वर्षे लोटली होती. गिटार गेली होती. तिच्या जागी पियानोचे तुरळक, एकमेकांवर पडणारे स्वर होते, आणि सत्तावीस वर्षांच्या तरुणाने केलेली विनवणी आता सत्तेचाळीस वर्षांच्या मनुष्याच्या कंठातून येत होती.

चाहते पुन्हा दोन मतांचे झाले. एकांस वाटले की, जे गीत आशेचे होते ते शोकाचे करून टाकले. ज्याची वाट पाहिली ते हे नव्हे. दुसऱ्यांस वाटले की, एवढी वर्षे गेल्यानंतर ते जसेच्या तसे गाणे हीच लबाडी झाली असती. येथे कोण बरोबर, हे ठरविण्याचे माप कोणाजवळ आहे? पहिल्या पक्षास हवे असलेले गीत त्यांच्या जुन्या मुद्रणात सुरक्षित आहे. दुसऱ्या पक्षाचे गीत तेच गीत म्हातारे झाल्यावर जसे होईल तसे आहे. श्रोताही ह्या एकवीस वर्षांत तितकाच बदलला होता. परंतु आपण बदललो हे मान्य करण्यापेक्षा गीत बदलले असे म्हणणे मनुष्यास सोपे जाते.

नव्या वाटेने जाण्याची ही वृत्ती संचातील व्यक्तींनाही दूरदूर घेऊन गेली, आणि त्यातली एक वाट भारतात आली. २०१५ साली जॉनी ग्रीनवुड हे इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर ह्यांच्यासह जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात येऊन राहिले. राजस्थानातील मांगणियार गायक, कव्वाल आणि बँडबाजातील पितळी वाद्ये वाजविणारे कलावंत ह्यांच्याबरोबर तेथे 'जुनून' हा अल्बम तयार झाला. मुद्रणास नायजेल गॉडरिच होते, आणि चित्रपट दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन ह्यांनी त्यावर माहितीपट काढला. ग्रीनवुड ह्यांनी स्वतःकडे बहुतेक साथीदाराची भूमिका घेतली. प्रमुख स्थान राजस्थानी कलावंतांचे होते. २०१८ साली रेडिओहेडच्या अमेरिकेतील कार्यक्रमांच्या आरंभी हे कलावंत गाऊन गेले. 'क्रीप' ऐकण्यासाठी आलेल्या कोणा श्रोत्यास त्या रात्री प्रथम कव्वाली ऐकावयास मिळाली असेल, तर पंचवीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या वादास ते एक उत्तरच होते.

चाहते केवळ वाद घालतात आणि संग्रह करतात, असेही नाही. २०१९ साली 'ओके कॉम्प्युटर'च्या काळातील यॉर्क ह्यांची खाजगी मुद्रणे कोणीतरी चोरून बाहेर काढली. संचाने तक्रार करीत बसण्याऐवजी ती अठराही मुद्रणे अठरा पौंडांना अठरा दिवस विक्रीस ठेवली आणि मिळकत पर्यावरणरक्षणाच्या चळवळीस दिली. तासन् तास चालणाऱ्या त्या अर्धवट चाली चाहत्यांनी एकत्र बसून ऐकल्या, त्यांची नोंद केली, कोणती चाल पुढे कोणत्या गीतात गेली हे शोधून काढले. हॉर्नबी ह्यांनी ज्या धीराची शंका घेतली होती, तो धीर नोकरीधंद्यात पडलेल्या, चाळिशी गाठलेल्या माणसांजवळही शिल्लक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

२०१८ नंतर संच सात वर्षे व्यासपीठावर आला नाही. २०२५ च्या नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन व बर्लिन येथे त्याचे कार्यक्रम झाले, आणि गीतांचा क्रम रोज निराळा ठेवण्यात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'ओके कॉम्प्युटर'मधील 'लेट डाउन' हे गीत अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या शंभर गीतांच्या यादीत प्रथमच दाखल झाले. पहाटे तीन वाजता नृत्यगृहात मुद्रित झाले होते ते हेच गीत. अठ्ठावीस वर्षांनंतर ते तेथे नेऊन बसविणाऱ्या तरुणांपैकी कितीतरी जण ते प्रसिद्ध झाले तेव्हा जन्मासही आलेले नव्हते. 'किड ए'ने निर्माण केलेल्या जखमा त्यांना ठाऊक नाहीत. त्यांच्या दृष्टीने नऊही अल्बम एकाच वेळी हाती आलेले आहेत. कोणता आधी आणि कोणता नंतर, कोणी कोणास सोडून गेले, हा प्रश्नच त्यांच्यापुढे नाही. साहजिकच त्यांची यादी निराळी होईल, आणि जुने चाहते तिच्याशी असहमत होतील.

येथवरच्या इतिहासावरून एवढे म्हणता येते की, रेडिओहेडने तेच ते पुन्हा दिले असते, तर नऊ अल्बमांतून निवड करण्यासारखे काही उरलेच नसते. वाद शक्य झाला तो त्यांनी प्रत्येक वेळी काहीतरी सोडल्यामुळे. त्या सोडण्यात काही श्रोते मागे राहिले, ही त्याची किंमत होती, आणि ती त्या श्रोत्यांनी मोजली. परंतु मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांनी संगत तोडली नाही. नवा अल्बम आला की ते पुन्हा ऐकावयास बसले, पुन्हा निराश झाले किंवा जिंकले गेले, आणि पुन्हा वादास उभे राहिले. ज्याच्याशी काही नाते उरलेले नाही, त्याच्याशी कोणी तीस वर्षे भांडत नाही.